तिसाव्या किलोमीटरवरची काळी पट्टी

यंदाही पावसानं पाठ फिरवली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोबाईलवर संदेश आला की मॅरेथॉनची नावनोंदणी सुरू झाली आहे. आधी वाटलं, संदेश खोटा असेल. मग वाटलं, संदेश खरा असेल तर हवामानाचा अंदाज खोटा असेल आणि जाता जाता एखादा पाऊस पडेलही. माझं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही. सगळी नोकरी मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर केमिस्ट म्हणून काढली. समोर आलेल्या प्रत्येक कॅनमध्ये पाणी आहे असं धरून चालायचं आणि नाही हे दुधानं सिद्ध करायचं, हा आमचा धंदा. घरी बायको चहा घेऊन येते तेव्हाही माझी नजर आधी कपाच्या कडेला जाते. ती म्हणते, "प्या गपचूप. पानी हायच त्याच्यात. च्या हाय तो."

दुष्काळ आणि मॅरेथॉन हे दोन शब्द एकत्र आले की मला तो एकच हिवाळा आठवतो. ज्वारी वीतभर वाढून तशीच उभी होती, ना मरत होती, ना पोटरीत येऊन कणीस धरत होती. ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षीपेक्षा आधीच निघून गेल्या होत्या आणि वाडीवस्तीवर दारांना कुलपं आणि ओट्यांवर म्हातारी माणसं राहिली होती. सकाळी थंडी मात्र चांगली पडायची. कोरडी, नाकात टोचणारी थंडी, जिला मातीचा वासच नव्हता. धुकं नाही, दव नाही. गवतावरून चाललं तर बूट पांढरे व्हायचे.

अशा वर्षात माणसं एकमेकांकडे तिरपं बघायला लागतात. टँकर आला की बाया आधी वर चढून त्यात काठी बुडवून बघायच्या, वाटेत कुणाच्या हौदात अर्धा रिकामा झाला की काय. सोसायटीत चाऱ्याची यादी लागली की आधी आपलं नाव नाही, शेजाऱ्याचं नाव शोधायचं. कुणाच्या दावणीला दोन गाई जास्त लिहिल्या, कुणाची म्हैस मेली तरी कागदावर रवंथ करतेय, यावर पारावर दिवस जायचा. मी म्हणेन, पाणी आटलं की संशयाला पूर येतो. हे मी हसून लिहितोय, पण त्या पुरात मीच एक माणूस बुडवला, ते हसून लिहिता येणार नाही.

आमचं पळणाऱ्यांचं मंडळ होतं. मंडळ म्हणजे सहा-सात जण, भल्या सकाळी आष्टीतून जामखेडच्या रस्त्याला पळायचं. मला डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून मी आलो. शकुंतला सिस्टर दवाखान्यातल्या, त्या आल्या कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे घरात त्यांना पळायला मोकळी जागा नव्हती. बाकीचे येऊन-जाऊन असायचे. सगळ्यांच्या अंगात टी-शर्ट मात्र एकसारखे, कारण ते संघाच्या निवडणुकीत फुकट मिळालेले होते. अर्ध्यांच्या पाठीवर कपबशी, अर्ध्यांच्या पाठीवर छत्री. त्यामुळे आम्ही गावातून गेलो की लोकांना वाटायचं, दोन्ही पॅनेल एक झाली, आता काही खरं नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं आम्हाला थांबवून विचारलंच, "कावून पळताव रं? म्होरं काय फुकट वाटायलेत का?"

टँकरच्या रांगेतल्या बायांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांच्यातली एक रोज ओरडायची, "ओ केमिस्ट, घाम गाळायला पानी लागतंय का न्हाई? आन ते येतंय कुठून?"  आम्ही मान खाली घालून पळायचो. लांबच्या पल्ल्याच्या दिवशी प्रत्येकानं आपली बाटली आणायची, प्यायची, आणि तळाला जे उरेल ते रस्त्याकडेच्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतायचं, असं आपोआपच ठरून गेलं होतं. तोंड धुवायला, डोक्यावर ओतायला कुणी थेंब वापरला नाही. लाजच वाटायची.

आणि दत्ता. दत्ता आमच्यात सगळ्यात लहान, तरी तिशीचा. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तोही लहानपणापासून गेलेला. लग्नानंतर त्यानं कोयता सोडला आणि दुधाचा रतीब गोळा करायचं काम धरलं. पळून झाल्यावर मोटारसायकलला कॅन लावून वस्त्यांवरून दूध घ्यायचं आणि केंद्रावर माझ्यासमोर आणून ठेवायचं. तिसेक घरांची एक-दोन जनावरं त्याच्या शब्दावर दूध देत होती. त्याच्यासमोर माप झालं की कुणी वहीत डोकावत नसे. त्या रतिबावर त्याचं घर चालायचं आणि तो रतीब त्याच्या शब्दावर चालायचा, एवढी साधी गोष्ट होती ती.

पळताना दत्ताचे हात हलत नसत. मान ताठ, खांदे जागच्या जागी, फक्त पाय छोटे छोटे टाकत पुढे जायचे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची सवय अंगात मुरलेली, डोकं हललं की मोळी गेली. आम्ही धापा टाकायचो आणि हा जणू डोक्यावर काहीतरी सांभाळत पाच मिनिटांत नजरेआड व्हायचा. मोठ्या पल्ल्याला, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, तो दूध पोचवून आल्यावर निघायचा आणि तरी आमच्या आधी परत यायचा. मला त्याचं कौतुक होतं. पण खरं सांगायचं तर कौतुकाच्या बुडाशी गाळ होता. मनात यायचं, हा खरंच ठरलेल्या वळणापर्यंत जाऊन येतो, की अलीकडून फिरतो? एकदा मी वळणावरच्या मैलाच्या दगडाजवळ त्याच्या बुटाचा ठसा शोधलाही. सापडला. तेव्हा वाटलं, कालचा असेल.

शहरातल्या मॅरेथॉनला आम्ही तिघं गेलो. सिस्टर अर्ध्या अंतराला, मी आणि दत्ता पूर्ण बेचाळीसला. शहराचं नाव कशाला घ्या, शहराचा काही दोष नव्हता. छातीवर लावायचे नंबर मिळाले. त्यांच्या मागे एक चिप चिकटवलेली होती. रस्त्यावर ठरावीक ठिकाणी काळ्या रबरी पट्ट्या टाकलेल्या असतात, त्यांवरून माणूस गेला की यंत्र टुक करतं आणि आपली वेळ लागते. ही माहिती इंग्रजी कागदात होती. मी चष्मा लावून दोनदा वाचली. दत्तानं विचारलं, "ह्ये कागदाचं काय करायचं?" मी म्हटलं, "छातीला लाव आणि पळ." त्याच्या डोक्यात बसलं की यंत्र छातीवरच आहे, आपण पळलो की ते मोजतंय. त्याला नीट समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत तो माझ्या बाजूला होता. मग म्हणाला, "सायब, जाऊ का म्होरं?" मी जा म्हणालो आणि ती ताठ मान गर्दीत मिसळून गेली.

बेचाळीस किलोमीटर पळणं म्हणजे काय, हे मला विचाराल तर ते संशयाचं शास्त्र आहे. पंधरापर्यंत घड्याळावर संशय येतो, ते हळू चालतंय वाटतं. विसाव्याला पाट्यांवर येतो, की या मंडळींनी किलोमीटर लांब केलेत. पंचविसाव्याला डाव्या गुडघ्यावर येतो. तिशीनंतर तर माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही. कुणीतरी आपल्या नावानं आपलेच पाय वापरतंय असं वाटत होतं. तिसाव्या किलोमीटरला पाण्याची टेबलं होती, ओळीनं आठ-दहा. पोरंपोरी कागदी पेले पुढे करत होती, पळणारे एक घोट घेऊन भरला पेला भिरकावत होते. रस्ता ओला होऊन चमकत होता, पायाखाली पेले चुरडत होते. मीही एक घोट घेतला आणि उरलेलं टाकून दिलं. सगळे टाकत होते. त्याच्या पुढे लगेच काळी पट्टी होती, तिनं टुक केलं.

मी पाच तासांच्या थोडा पुढे पोचलो. दत्ता सव्वा-दीड तास आधी पोचून, पदक मुठीत धरून, सिस्टरांशेजारी झाडाखाली बसला होता. चार तासांच्या आत आला होता तो. आमच्या तालुक्यात असं पळणारा माझ्या माहितीत दुसरा नव्हता. मग नोंदीच्या तंबूतून त्याला बोलावणं आलं. एक मुलगी संगणकासमोर बसली होती, आवाज अगदी मऊ. ती म्हणाली, "दादा, तुमची तीस किलोमीटरची नोंदच नाहीये. एकविसावी आहे, पस्तिसावी आहे. मधे तुम्ही कुठे होतात?"

दत्ता म्हणाला, "रस्त्यावरच. समदं पळालो की मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही यांच्यासोबत आहात ना? हे पूर्ण अंतर धावलेत, असं तुम्ही लिहून देऊ शकता का? सोबतच्या धावपटूनं दिलं तर आम्ही विचार करतो."

सिस्टर मागून म्हणाल्या, "द्या की लिहून." त्या एकविसालाच थांबल्या होत्या, त्यांना विचारून उपयोग नव्हता.  दत्ता माझ्याकडे बघत होता, त्याला वाटत होतं आता हे मिटलंच. आणि मी म्हणालो, "पाचव्या किलोमीटरनंतर मला हा दिसला नाही."

वाक्य खरं होतं. शंभर नंबरी खरं. इतकं खरं वाक्य मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन. त्या मुलीनं यादीतून त्याचं नाव काढलं आणि पदकही परत मागितलं. दत्तानं ते तिच्यासमोर टेबलावर ठेवलं, हळूच, आवाज होऊ न देता.

 परतीच्या एसटीत, घाटात, सिस्टर मला हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी माणसाला पन फाटलेलं दूध समजताव, सायब." मी म्हटलं, मी खोटं बोललो नाही. त्या म्हणाल्या, "त्येच तर."

दुसऱ्या दिवशी केंद्रावर व्यवस्थापकानं विचारलं, काय झालं मॅरेथॉनचं? मी म्हणालो, दत्ताचं नाव काढलं, मधली नोंद नाही. एवढंच. पण राईचा पर्वत करायला आमच्याकडे वेळ लागत नाही, त्यात शेतीला कामं नव्हती. दुपारपर्यंत दत्ता शहरात रिक्षात बसला होता. संध्याकाळी त्यानं रिक्षावाल्याला अर्ध्या वाटेत चहाही पाजला होता. आठवड्यानं मी ऐकलं ते असं की तो मुळी पळालाच नाही, लॉजवर झोपून शेवटी गर्दीत घुसला. मी कुणाचंही बोलणं खोडून काढलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं?

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या हिवाळ्यात सगळ्यांचंच दूध पातळ येत होतं. हिरवा चारा नाही, जनावरं उसाच्या वाढ्यावर आणि वाळक्या कडब्यावर, दुधाला कस कुठून येणार? घालायला पाणी तरी कुणाकडे होतं? मला हे सगळं कळत होतं. इतरांच्या दुधाचा कस थोडा कमी भरला की मी दम देऊन घेत होतो. दत्ताचा मात्र त्या पंधरवड्यात दोनदा परत केला. तेवढ्याच पातळ दुधाचा. पहिल्यांदा तो म्हणाला, "औंदा समद्यांचंच आसं हाय, सायब." दुसऱ्यांदा नुसता कॅन उचलून गेला. वस्तीवर परत गेलेला कॅन लोकांनी पाहिला. ज्यानं रस्ता चोरला तो दूध कसं सोडेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि बाया मापाच्या वेळी वहीत डोकावायला लागल्या. मग पाच-सहा घरांनी दुसऱ्याला दूध घालायला सुरुवात केली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर कुणाचंच तोंड पोळलं नव्हतं. मी नुसता फुंकर मारत बसलो होतो आणि मला बघून गाव फुंकायला लागलं.

दत्ता सकाळी पळायला यायचा बंद झाला. सिस्टर आणि मी अंतर ठेवून पळायचो.

फोटो महिनाभरानं आले. मॅरेथॉनमध्ये जागोजागी फोटो काढणारे असतात, नंतर आपला नंबर टाकला की आपले फोटो दिसतात. सिस्टर स्वतःचा फोटो शोधत होत्या, त्यांना त्यांच्या मुलीला दाखवायचा होता. मग सहज त्यांनी दत्ताचा नंबर टाकला. दुपारी त्या तडक केंद्रावर आल्या, डोक्यावरचा पदर सावरत, आणि मोबाईल माझ्या टेबलावर आपटला. "बघा. डोळे फाडून बघा आता."

फोटो तिसाव्या किलोमीटरचा होता. तीच टेबलं, तोच ओला रस्ता, चुरडलेले पेले. गर्दी काळ्या पट्टीवरून पुढे निघालेली. आणि कडेला, पदपथावर, एका झाडाच्या आळ्यापाशी दत्ता उकिडवा बसलेला. हातात कागदी पेला, तिरपा केलेला. उरलेलं पाणी तो झाडाला घालत होता. पट्टी पदपथाच्या काठापाशी संपत होती. तिथून तो तसाच पदपथावरून पुढे गेला असणार, आणि यंत्राच्या लेखी तो माणूस तिथून गेलाच नाही.

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.  आपल्याच रस्त्यावर, आपल्याच सवयीनं, आपल्या माणसानं केलेली गोष्ट, आणि ती मला सुचू नये? त्याच टेबलांपाशी मी पेला फेकला होता. मला टुक मिळालं होतं.

मी संयोजकांना पत्र पाठवलं, फोटो जोडला. उत्तर आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. निकाल अंतिम झाले होते, त्यात बदल होत नाही. संध्याकाळी मी दत्ताच्या घरी गेलो. तो ओट्यावर रिकामे कॅन पालथे घालत होता. मी उभ्याउभ्याच मोबाईल पुढे केला. त्यानं फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, मग थोडं हसला.

"हां, ते झाड," तो म्हणाला. "समदे पानी टाकत व्हते, सायब. पायाखाली नुसतं पानी. माझा पायच पडंना त्याच्यावर. म्हनलं कडंनं जावं. आन माझ्या पेल्यात बी ऱ्हायलं व्हतं जरासं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तंबूत?"

"मला काय ठावं, त्या पट्टीत यंत्र हाय म्हनून."

मी म्हणालो, माझं चुकलं. म्हणालो, हा फोटो मी केंद्रावर लावतो, प्रत्येक वस्तीवर दाखवतो, ज्यांनी दूध बंद केलं त्यांच्या दारात स्वतः जातो. हे सगळं मी पुढे केलंही. माणसं बघायची, जीभ चावायची, चारेक घरं परतली. पण त्या संध्याकाळी दत्तानं मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "आता पटलं न्हवं?"

"पटलं, दत्ता. शंभर टक्के पटलं."

"आन ह्यो फोटू निघालाच नसता तर, सायब?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, मी राग शोधत होतो, सापडला असता तर बरं झालं असतं. आतून त्याच्या बायकोनं चहा आणला. मी तो खाली मान घालून प्यायलो.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तलावांत पाणी आलं, बाया टँकरवर काठी बुडवायचं विसरल्या, आणि माझ्या टेबलावर पुन्हा घट्ट दूध यायला लागलं. त्याच शहराच्या मॅरेथॉनला येतोस का, म्हणून मी दत्ताला विचारलं, भीत भीत. तो लगेच हो म्हणाला. "येतो की. पर औंदा तुमच्याबरूबर पळतो." मला इतका आनंद झाला की मी ही गोष्ट घरी, केंद्रावर, सिस्टरांना, सगळ्यांना सांगितली. 

बंदूक वाजली, आम्ही निघालो. पाच किलोमीटर झाले, आठ झाले. तो माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर. छोटी पावलं आणखी छोटी करून, माझ्या धापांशी जुळवून घेत. बाराव्याला मी म्हणालो, "दत्ता, जा की पुढं. तुला एवढं हळू जमायचं नाही."

"न्हाई. हितंच बरं हाय."

एकविसाव्याची काळी पट्टी आली. त्यानं दोन्ही पाय तिच्यावर नीट मधोमध ठेवले. टुक झालं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दिसतोय न्हवं, सायब?" चेष्टेच्या सुरात म्हणाला. मीही हसलो. तिसाव्याला पुन्हा म्हणाला, पस्तिसाव्याला पुन्हा. तोवर माझं हसू संपलं होतं. मी त्याला जा म्हणून सांगितलं, रागावलो, शेवटी हात जोडले. रस्त्याच्या कडेला थांबून राहिलो, म्हटलं आता तरी जाईल. तोही थांबला. दम खात नव्हता तो, त्याला दमच लागला नव्हता. माझं झाल्यावर आम्ही पुन्हा निघालो.

शेवटची रेघ आम्ही एका पावलात ओलांडली. या वेळी कुणी तंबूत बोलावलं नाही, कुणी काही लिहून मागितलं नाही. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा आमची नावं एकाखाली एक होती आणि दोघांपुढची वेळ सेकंदासकट तीच होती, पाच तास अठरा मिनिटं. ती वेळ माझी होती.